उष्णता, चकती आणि पुरावा : कंबरदुखीवरील ‘आयडेट’ उपचारपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जुनाट कंबरदुखीवर एक नवी उपचारपद्धती पुढे आली. पाठीतून सुई घालून मणक्यांमधील चकतीत एक लवचीक तार सरकवावयाची, ती विजेच्या साहाय्याने ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाची आणि काही मिनिटांनी काढून घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. पाठ उघडण्याची, हाड कापण्याची वा स्क्रू बसविण्याची गरज नसे आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जात असे. ‘इन्ट्राडिस्कल इलेक्ट्रोथर्मल थेरपी’ या लांबलचक नावाऐवजी ती ‘आयडेट’ या संक्षेपाने ओळखली जाऊ लागली. १९९८ मध्ये तिच्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची अनुमती मिळाली. पुढे दहाच वर्षांनी, २००८ मध्ये, मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने तिचा खर्च देण्याचे नाकारले.

वैद्यकाचा इतिहास बहुधा विजयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लस, भूल, प्रतिजैविके यांवर ग्रंथ सिद्ध होतात. परंतु आलेल्या, हजारो रुग्णांच्या शरीरात शिरलेल्या आणि गाजावाजा न होता मागे पडलेल्या उपचारांची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक, वैद्यकीय ज्ञान कसे घडते हे समजून घेण्यासाठी असे मागे पडलेले उपचारच अधिक उपयुक्त ठरतात. प्रस्तुत निबंधात आयडेटचा मागोवा त्या हेतूने घेतला आहे. या पद्धतीचा दुबळा दुवा उष्णतेपेक्षा निदानात होता, आणि तिचा अंतिम निवाडा वैज्ञानिकांनी करण्यापूर्वीच विमा देणाऱ्यांनी करून टाकला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

चकतीवरील आरोप

कंबरदुखी मानवाइतकीच जुनी असली, तरी तिचे खापर मणक्यांमधील चकतीवर फोडण्याची प्रथा शंभर वर्षांचीही नाही. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. चकती फाटून तिचा गाभा बाहेर येतो, तो मज्जातंतूवर दाब देतो आणि त्यामुळे पायात कळ उतरते, असे त्यांनी दाखवून दिले. या निबंधाचा प्रभाव इतका व्यापक ठरला की त्याची छाया लोकभाषेवरही पडली. मराठीत आज कोणीही सहज म्हणतो, ‘मणक्यातली गादी सरकली आहे.’ प्रत्यक्षात चकती गादीसारखी जागची सरकत नाही, तिचे आवरण फाटते. तथापि दुखण्याचे कारण म्हणजे काहीतरी जागचे हलले आहे, ही बोस्टनची कल्पना या शब्दप्रयोगात पुरेपूर उतरली आहे.

मिक्स्टर आणि बार यांच्या उपपत्तीने पायातील कळेचा उलगडा झाला. परंतु ज्यांच्या पायात कळ नाही, ज्यांचा मज्जातंतू दबलेला नाही आणि तरीही ज्यांची कंबर वर्षानुवर्षे दुखते, अशा रुग्णांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. असे रुग्ण संख्येने कितीतरी अधिक होते. ऑस्ट्रेलियन शल्यविशारद हॅरी क्रॉक यांनी १९७० मध्ये त्याचे एक उत्तर मांडले. चकती बाहेर न येताही आतल्या आत बिघडू शकते आणि हा अंतर्गत बिघाडच वेदनेचा उगम असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. चकतीला संवेदनाच नसते, या जुन्या समजुतीलाही याच सुमारास तडे जाऊ लागले होते. ऑस्ट्रेलियातीलच शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलाय बोग्डुक यांनी चकतीच्या बाह्य वलयात मज्जातंतूंची टोके पोहोचतात हे १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. १९९७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी, दुखणाऱ्या आणि झिजलेल्या चकतीत हे तंतू नेहमीपेक्षा खोलवर शिरलेले आढळतात, असे ‘लॅन्सेट’मध्ये नोंदविले.

मात्र अंतर्गत बिघाड बाहेरून दिसत नाही. तो ओळखण्यासाठी स्वीडनमधील क्नुट लिंडब्लॉम यांनी १९४८ मध्ये वर्णिलेल्या डिस्कोग्राफी या तपासणीचा आधार घेण्यात आला. तिच्यात चकतीत सुईने द्रव भरून दाब वाढवितात आणि रुग्णाला विचारतात, ‘तुमची नेहमीची कळ हीच का?’ रुग्ण ‘हो’ म्हणाला आणि शेजारची चकती दाबल्यावर त्याला तशी कळ आली नाही, तर दोषी चकती सापडली असे मानले जाई. या कसोटीचा वापर करून ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९९५ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ९२ रुग्णांपैकी ३९ टक्क्यांमध्ये चकतीचा अंतर्गत बिघाड असल्याचे नोंदविले. या आकड्याने चकतीला कंबरदुखीच्या मुख्य कारणांपैकी एक असा दर्जा मिळाला. आयडेटची सारी इमारत पुढे याच पायावर उभी राहिली.

शस्त्राविना चकतीत

चकतीत सुईवाटे उपचार करण्याची कल्पना मात्र आयडेटच्या आधीची आहे आणि तिचा आरंभ काहीसा विनोदी आहे. १९५६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ लुइस टॉमस यांनी सशांच्या शिरेत पपेन, म्हणजे पपईच्या चिकातील पाचक द्रव्य, टोचले असता सशांचे ताठ कान लुळे पडून खाली लोंबू लागले. कूर्चेचा आधारद्रव्य विरघळल्याचा तो परिणाम होता. हे पाहून लायमन स्मिथ यांनी पपईतीलच कायमोपपेन हे द्रव्य चकतीत टोचून तिचा गाभा विरघळविण्याचा प्रयोग केला आणि १९६४ मध्ये माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. परंतु काही रुग्णांमध्ये तीव्र अ‍ॅलर्जी आणि मज्जारज्जूच्या गंभीर इजा आढळल्याने त्याचा वापर ओसरत गेला. त्या आधीच, १९७५ मध्ये, जपानमध्ये हिजिकाता यांनी नळीवाटे गाभा काढून घेण्याची पद्धत वर्णिली होती. १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे चॉय आणि अ‍ॅशर यांनी लेसर किरणांनी गाभ्याचा काही भाग वाफ करून उडविण्याचा प्रयोग केला. या सर्वांचा रोख गाभ्यावर होता. आयडेटने प्रथमच रोख वळविला तो वलयावर.

भारतीय वाचकाला येथे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अग्निकर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. तापविलेल्या शलाकेने डाग देऊन वेदना शमविण्याची परंपरा तेथे विधिपूर्वक वर्णिली आहे. तथापि हे साम्य उष्णतेपुरतेच आहे. अग्निकर्मात वैद्य बाहेरून, डोळ्यांना दिसणाऱ्या जागी डाग देतो. आयडेटमध्ये जागा दिसत नाही, ती अनुमानाने ठरवावी लागते. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

आयडेटचा उदय

कॅलिफोर्नियातील जेफ्री साल आणि जोएल साल हे दोन बंधू शस्त्रक्रियेविना पाठीचे उपचार करणारे वैद्यकतज्ज्ञ होते. ओराटेक या मेन्लो पार्क येथील कंपनीच्या उपकरणातून त्यांची कल्पना साकार झाली. ही कंपनी खांद्याच्या सांध्याचे सैल झालेले आवरण उष्णतेने आकसविण्याची साधनेही बनवीत असे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सांध्याच्या आवरणातील कोलॅजन उष्णतेने आकसते, मग चकतीच्या फाटलेल्या वलयातील कोलॅजन का आकसू नये, असा तो विचार होता. त्यात दुसरी अपेक्षाही मिसळली होती, ती अशी की वलयात शिरलेले वेदनावाहक तंतू त्याच उष्णतेने निकामी होतील.

प्रत्यक्ष कृती अशी असे. रुग्णाला गुंगीचे औषध दिले जाई. पण त्याला पूर्ण बेशुद्ध करीत नसत, कारण तापविताना पायात कळ उतरली तर त्याने तसे सांगणे आवश्यक होते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई चकतीत नेली जाई आणि तिच्यातून तार आत सरकविली जाई. तारेचे सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचे टोक वलयाच्या मागच्या भागाच्या आतील बाजूने वळत जाऊन बसे. मग उष्णता ६५ अंशांपासून दर अर्ध्या मिनिटाला एक अंश याप्रमाणे ९० अंशांपर्यंत वाढवीत आणि तेथे चार मिनिटे स्थिर ठेवीत. एकूण काम साडेसोळा मिनिटांचे असे.

उपकरणाला १९९८ मध्ये अनुमती मिळाली ती अमेरिकेच्या १९७६ च्या वैद्यकीय उपकरण कायद्यातील एका सोप्या वाटेने. आधीच बाजारात असलेल्या उपकरणाशी नवे उपकरण पुरेसे समान आहे एवढे दाखविले की या वाटेने प्रवेश मिळतो. ते रोगावर गुणकारी आहे हे मोठ्या चाचणीने सिद्ध करण्याची अट सहसा नसते. औषधांना जी परीक्षा द्यावी लागते ती उपकरणांना द्यावी लागत नाही, हा भेद सर्वसामान्य रुग्णाला क्वचितच ठाऊक असतो.

विम्याने निर्माण केलेला तुलनागट

साल बंधूंनी २००० मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात ६२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सहा महिने इतर उपचार करूनही गुण न आलेल्या या रुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांना वेदनेत आणि हालचालीत सुधारणा जाणवल्याचे त्यात नमूद होते. निबंधाचे स्वागत उत्साहाने झाले. परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि उपचाराची कल्पना मांडणारे व त्याचे फळ मोजणारे एकच होते.

त्याच वर्षी करासेक आणि बोग्डुक यांनी तुलनागट असलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तुलनागटाची जन्मकथा इतिहासकाराने थांबून पाहावी अशी आहे. एकूण ५३ रुग्ण होते. त्यांतील ३६ जणांवर आयडेट झाले. उरलेल्या १७ जणांना विमा कंपनीने खर्च नाकारला, म्हणून त्यांना व्यायाम आणि पुनर्वसनाचे उपचार देण्यात आले. हे १७ जण म्हणजेच तुलनागट. संशोधकांनी चिठ्ठी टाकून रुग्णांची विभागणी केली नाही. ती विमा कार्यालयाने केली. वर्षअखेरीस उपचारगटातील सुमारे साठ टक्के रुग्णांना चांगला गुण आलेला होता, तर तुलनागटाची स्थिती फारच निराशाजनक होती. परंतु ज्याला हवा असलेला उपचार नुकताच नाकारला गेला आहे आणि ज्याच्या हाती दुय्यम पर्याय ठेवला आहे, अशा रुग्णाच्या वेदनेत त्या नकाराचा वाटा किती असेल, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. वेदना हे शरीराचे मोजमाप नसून माणसाचे सांगणे आहे. आणि नकार मिळालेला माणूस वेगळे सांगतो.

याच सुमारास धोक्याच्या नोंदीही येऊ लागल्या. मज्जारज्जूच्या शेवटी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्याला इजा झाल्याचे एक प्रकरण २००० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढील काही वर्षांत मणक्याचे हाड मृत झाल्याची एकदोन वर्णने आली. अशा घटना विरळ होत्या. उपचाराच्या वाढीला त्यांनी खीळ बसली नाही. ओराटेकला २००२ मध्ये स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने विकत घेतले.

दोन चाचण्या, दोन उत्तरे

उपचाराचा खरा परिणाम आणि रुग्णाच्या अपेक्षेचा परिणाम वेगळा करावयाचा तर एका गटावर लटका उपचार करावा लागतो. शस्त्रक्रियेत हे नैतिकदृष्ट्या अवघड असते. आयडेटमध्ये ते तुलनेने सुकर होते. कारण सगळा फरक विजेची कळ दाबण्याचा वा न दाबण्याचा होता.

अमेरिकेत केविन पॉझा आणि सहकाऱ्यांनी केलेली अशी चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकांकडून व प्रसारमाध्यमांतून आवाहन करण्यात आले. चिठ्ठीने होणारी विभागणी मान्य असलेल्या १३६० जणांपैकी तपासणीअंती २६० संभाव्य पात्र ठरले आणि डिस्कोग्राफीनंतर केवळ ६४ उरले. त्यांतील ३७ जणांना आयडेट आणि २७ जणांना लटका उपचार मिळाला. लटक्या उपचारात सुई चकतीपर्यंत नेण्यात आली. पडद्यावरील चित्रे आणि यंत्राचे आवाज मात्र खऱ्यासारखेच ठेवण्यात आले. सहा महिन्यांनी आयडेट गट सरासरीने सरस ठरला. त्या गटातील सुमारे ४० टक्के रुग्णांच्या वेदना निम्म्याहून अधिक कमी झाल्या होत्या. जवळपास निम्म्यांना मात्र उल्लेखनीय लाभ झाला नव्हता.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडिलेड येथील ब्रायन फ्रीमन, रॉबर्ट फ्रेझर आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ५७ रुग्ण होते, ३८ आयडेट गटात आणि १९ लटक्या उपचाराच्या गटात. येथे दोन्ही गटांतील रुग्णांच्या चकतीत तार प्रत्यक्ष घातली गेली. त्यानंतर एक स्वतंत्र तंत्रज्ञ तार यंत्राला जोडी आणि ठरलेल्यांनाच वीज देई. ती कोणाला मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि शल्यविशारदालाही. यशाची व्याख्या आधीच निश्चित केलेली होती. सहा महिन्यांनी त्या व्याख्येत बसणारा रुग्ण आयडेट गटात एकही नव्हता. दुसऱ्या गटातही एकही नव्हता.

या दोन चाचण्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. समर्थकांनी अ‍ॅडिलेडच्या रुग्णनिवडीवर आक्षेप घेतले, तर टीकाकारांनी पॉझा यांच्या काटेकोर चाळणीकडे बोट दाखविले. १३६० जणांतून ६४ जणांची निवड होत असेल, तर तिचे निष्कर्ष उरलेल्या १२९६ जणांना कितपत लागू पडतात, हा प्रश्न रास्त आहे. अ‍ॅडिलेडची मांडणी अधिक कसोशीची होती, असे येथे म्हणावे लागते. कारण तिच्यात दोन गटांमध्ये उष्णतेखेरीज अन्य फरक नव्हता. २००६ मधील एका एकत्रित विश्लेषणाने आयडेटला अनुकूल कौल दिला. २००७ मधील स्पॅनिश संशोधकांच्या आढाव्याने नेमका उलट कौल दिला. पुरावा तोच असून निकाल दोन निघाले, कारण पहिल्याने तुलनागट नसलेले अभ्यासही हिशेबात धरले होते.

दरम्यान उष्णतेविषयीचे गृहीतकही डळमळू लागले. मृतदेहांच्या मणक्यांवर केलेल्या मोजमापांत असे दिसून आले की कोलॅजन आकसण्यास आवश्यक असलेली ६० अंशांवरील उष्णता तारेपासून केवळ एकदोन मिलिमीटरपर्यंतच पोहोचते. मेंढ्यांवर केलेल्या २००३ मधील प्रयोगात वलयातील मज्जातंतू नष्ट झाल्याचेही आढळले नाही.

कसोटीचीच कसोटी

आयडेटच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धागा मात्र उष्णतेच्या प्रयोगांमध्ये सापडत नाही. त्यासाठी डिस्कोग्राफीकडे परत जावे लागते. कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या एमआरआय चित्रांचा एक अमेरिकन अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांतील केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. म्हणजेच चित्रातला बिघाड आणि वेदना यांचा संबंध सरळ नव्हता. डिस्कोग्राफी हा संबंध जोडून देते, असा तिच्या समर्थकांचा दावा होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील यूजीन कॅरॅगी यांनी या दाव्याची १९९९ मध्ये एक चतुर परीक्षा घेतली. त्यांनी असे आठ रुग्ण निवडले ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती. अन्य कारणासाठी त्यांच्या कटिप्रदेशातील हाडाचा तुकडा काढून घेतलेला होता आणि त्या जागी त्यांना दुखत असे. त्यांच्या चकतीत दाब वाढविल्यावर आठांपैकी चौघांनी, ‘हीच माझी नेहमीची कळ,’ असे सांगितले. कळ होती हाडाच्या जखमेची, दोषी ठरली चकती. चाचणीची मांडणी कितीही कसोशीची असली, तरी तिच्यात प्रवेश देणारी कसोटीच अशी फसवी असेल, तर आत आलेल्यांपैकी किती जणांची चकती खरोखर दुखत होती, हे कोणालाच सांगता येणार नाही. पॉझा यांच्या ४० टक्क्यांचा आणि अ‍ॅडिलेडच्या शून्याचा मेळ बसत नाही याचे एक कारण येथे असू शकते. कॅरॅगी आणि सहकाऱ्यांनीच २००९ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दाखवून दिले की ज्या चकत्यांत तपासणीसाठी सुई टोचली गेली, त्या न टोचलेल्या चकत्यांपेक्षा अधिक वेगाने झिजल्या. निदानानेच रोगाला हातभार लावला होता.

खर्चाचा निर्णय आणि उत्तरकथा

इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २००४ मध्ये आयडेटच्या पुराव्याला अपुरे ठरविले आणि २०१६ मधील मार्गदर्शनातही, सुरक्षिततेची मोठी चिंता नसली तरी परिणामाचा पुरावा विसंगत व कमी दर्जाचा आहे, असेच म्हटले. अमेरिकेत २००७ मध्ये या उपचाराला शुल्क आकारणीसाठी स्वतंत्र संकेतांक मिळाला. संकेतांक मिळणे म्हणजे व्यवहारात प्रतिष्ठा मिळणे. परंतु सप्टेंबर २००८ मध्ये मेडिकेअरने चकतीत उष्णता देणाऱ्या सर्वच उपचारांचा खर्च न देण्याचा निर्णय घेतला. मेडिकेअरचे बहुतेक लाभार्थी पासष्ट वर्षांवरील, आणि आयडेटचे रुग्ण बहुतांशी तरुण वा मध्यमवयीन. तेव्हा प्रत्यक्ष फटका मर्यादित असावयास हवा होता. पण पैसे देणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेचा शब्द खासगी विमा कंपन्यांना सोयीचा ठरतो. ज्या विमा कार्यालयाने २००० मध्ये नकळत तुलनागट निर्माण केला, त्याच जातीच्या कार्यालयाने आठ वर्षांनी प्रकरण मिटविले. तिसरी, मोठी आणि वाद संपविणारी चाचणी झालीच नाही. पहिल्या वर्षांत उपचार घेऊन ज्यांना खरोखर बरे वाटले, त्यांना ते कशाने वाटले हा प्रश्नही त्यामुळे अनुत्तरित राहिला.

उष्णता मात्र पाठीच्या कण्यातून हद्दपार झाली नाही. थंड पाण्याने टोक निववीत दोन बाजूंनी वलय तापविणाऱ्या ‘बायअ‍ॅक्युप्लास्टी’ची लटक्या उपचाराशी तुलना करणारी ५९ रुग्णांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निष्कर्ष अनुकूल होता. त्याहून मोठे स्थलांतर मात्र चकतीतून हाडात झाले. मणक्याच्या हाडातील बेसिव्हर्टिब्रल मज्जातंतू उष्णतेने निकामी करण्याच्या उपकरणाला अमेरिकेत २०१६ मध्ये अनुमती मिळाली. या उपचारासाठी रुग्ण निवडताना चकतीत द्रव भरून कळ विचारीत नाहीत. चकतीलगतच्या हाडातील एमआरआयवर दिसणारे ठरावीक बदल पाहतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत २२५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात अपंगत्वाचा निर्देशांक २०.५ गुणांनी उतरला. लटक्या उपचाराच्या गटातही तो १५.२ गुणांनी उतरला होता.